उसाचं बेट, पाहुण्यांचं बेट
मॉरिशस म्हटलं की आपल्याला हनिमूनचे फोटो आठवतात. पण एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीला गेलेल्या मराठी माणसांच्या वाट्याला आला तो ऊस. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, तेव्हाही देश साखरेवरच जगत होता. पर्यटन वाढलं ते नंतर. २०१९ मध्ये तर लोकसंख्येपेक्षाही जास्त, सुमारे १३ लाख ८० हजार पर्यटक आले!

पुढच्याच वर्षी कोरोनामुळे सीमा बंद झाल्या. त्यात जुलैमध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर अडकलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. ज्या निळ्या पाण्यावर हॉटेलं, होड्या, टॅक्सीवाले जगतात, तेच काळं पडलं. तेव्हा गावकऱ्यांनी कापडी पिशव्यांत उसाचं पाचट भरलं (आपल्याकडे बरेच जण शेतात जाळतात, तेच!) आणि त्या पाण्यावर सोडून तेल अडवलं.