पीएनजी वाचताना बाइट्स कोण पुरवतं?

इमेज प्रोसेसिंगकडे वळणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं असतं: चित्र म्हणजे डिस्कवरची फाईल. पण संशोधनात हजारो चित्रं एकाच झिपमध्ये असू शकतात, सर्व्हरवरून येऊ शकतात किंवा आधीच मेमरीत असू शकतात. मग प्रत्येक चित्र आधी डिस्कवर लिहायचं आणि परत वाचायचं का? तर नाही. सी भाषेतली लिबपीएनजी ही लायब्ररी यासाठी एक सोय देते, ती आज समजून घेऊ.

लिबपीएनजीची दोन कामं वेगळी आहेत. एक म्हणजे बाइट्स मिळवणं, दुसरं म्हणजे त्यांचा अर्थ लावणं. अर्थ ती स्वतः लावते. बाइट्स मिळवण्याचं काम मात्र तुम्ही स्वतःकडे घेऊ शकता. नेहमीच्या वापरात आपण 'पीएनजी_इनिट_आयओ'ला उघडलेली फाईल देतो आणि आतून 'एफरीड' चालतं. त्याऐवजी 'पीएनजी_सेट_रीड_एफएन' वापरून तिला दोन गोष्टी द्यायच्या: तुमचं फंक्शन आणि तुमच्या माहितीचा पॉइंटर. मेमरीतून वाचायचं असेल तर या माहितीत तीन गोष्टी पुरतात: बफर कुठे सुरू होतो, एकूण लांबी किती आणि आपण कुठवर आलोय. फंक्शनच्या आत हा पॉइंटर 'पीएनजी_गेट_आयओ_पीटीआर'ने परत मिळतो, म्हणजे ग्लोबल व्हेरिएबलची गरजच नाही.

आता खरी मेख. लिबपीएनजी तुमच्या फंक्शनला सांगते, 'या जागेत इतके बाइट्स भर.' हे फंक्शन काहीच परत करत नाही. त्यामुळे 'मला कमी मिळाले' असं सांगायला रिटर्न व्हॅल्यू नाही. करार सरळ आहे: मागितले तेवढेच भरा, नाहीतर 'पीएनजी_एरर' बोलवा. ते बोलवलं की तिथून परत येणं नाही. नेहमीच्या वापरात लाँगजंपने थेट तुम्ही 'सेटजंप' केलेल्या ठिकाणी उडी बसते.

करार मोडला तर काय? बफर संपला तरी कॉपी चालू ठेवली तर दुसऱ्याच्या मेमरीत हात जातो. प्रोग्राम कोसळला तर नशीब. कारण तो कोसळला नाही तर चूक लपून राहते. उलट कमी भरून गप्प राहिलात, तर उरलेल्या जागेतला कचरा लायब्ररी खरा डेटा समजते. पीएनजीच्या प्रत्येक चंकला सीआरसी असतो, त्यामुळे बहुतेकदा हे पकडलं जातं. पण मेसेज येतो सीआरसी चुकल्याचा, आणि तुम्ही चांगल्या फाईलला दोष देत बसता.

नेटवर्कवर हा घोळ हमखास होतो. सॉकेटकडे ८००० बाइट्स मागितले तरी एका वेळी १४०० सुद्धा मिळू शकतात. म्हणून पूर्ण भरेपर्यंत लूप हवाच. आणखी एक: पीएनजीची ओळख पटवायला पहिले ८ बाइट्स (१३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०) तुम्ही स्वतः वाचले असतील, तर 'पीएनजी_सेट_सिग_बाइट्स'ने तसं कळवा. नाहीतर लायब्ररी ते पुन्हा शोधते.

सगळ्या लायब्रऱ्यांचा करार सारखा नसतो, हेही लक्षात ठेवा. लिबटिफमध्ये वाचण्याबरोबर 'सीक'चं फंक्शनही द्यावं लागतं, कारण टिफमधली माहिती फाईलमध्ये कुठेही असू शकते. लिबजेपेगचा मूळ स्रोत तर डेटा अर्ध्यात संपला की फक्त वॉर्निंग देतो, शेवटाची खोटी खूण घालतो आणि अर्धवट चित्र हातात देतो. ब्राउझरमध्ये ते चालून जातं. पण तुम्ही त्या चित्रातल्या पेशी मोजत असाल तर? आकडा येईल, तक्त्यात बसेल, आणि चुकीचा असेल.

म्हणून कामाला लागण्याआधी एक चाचणी कराच. एक चांगलं चित्र घ्या, त्याचे शेवटचे अर्धे बाइट्स कापा आणि तुमच्या कोडला द्या. एरर आली तर उत्तम. गुपचूप चित्र आलं, तर आधी ते दुरुस्त करा, मगच पेशी मोजायला घ्या.