दंडावरचा आकडा आणि पावलातलं रक्त

‘बीपी हाय आहे म्हणजे रक्त जोरात धावतंय, मग पायाला रक्त कमी कसं पडेल?’ दवाखान्यात हा प्रश्न नेहमी निघतो आणि वरवर तो रास्तही वाटतो. पण दाब वेगळा आणि प्रवाह वेगळा. बागेतल्या नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की आतला दाब वाढतो, झाडाला मिळणारं पाणी वाढत नाही.

जुना रक्तदाब असलेल्या बहुतेकांच्या शरीरात असंच काहीसं झालेलं असतं. हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं, म्हणजे इतर कोणाच्याही हृदयाइतकंच. बदललेल्या असतात त्या अंगभर पसरलेल्या बारीक धमन्या. एकोणिसाव्या शतकात प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञानं बारीक काचनळ्यांमधून द्रव वाहवून एक नियम मांडला: नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा अडथळा १६ पट होतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी घटली, तरी अडथळा दीडपटीवर जातो. डोळ्यांना न दिसणाऱ्या धमन्या किंचित आक्रसल्या तरी दंडावरचा आकडा का चढतो, ते यावरून कळतं. दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की या धमन्यांची भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते आणि अगदी सूक्ष्म केशवाहिन्यांपैकी काही नाहीशाच होतात. शांत बसलेल्या माणसाच्या पायाला मिळणारं रक्त पुरतं. जिना चढताना स्नायू जास्तीचं मागतात, तेव्हा हात आखडता घेतला जातो.

मोठ्या धमन्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. चढ्या दाबामुळे त्यांचं आतलं अस्तर दुखावतं, तिथे चरबीचे थर बसतात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की रक्तदाब असलेल्या पुरुषांना चालताना पोटरी दुखण्याचा धोका सुमारे अडीच पट असतो आणि स्त्रियांना जवळपास चौपट. त्यात मधुमेह आणि तंबाखू मिळाले की धोका आणखी वाढतो. विडी-सिगारेट यात सर्वांत वाईट, पण मशेरीनं ‘फक्त दात घासले’ म्हणून सुटका होत नाही. हिरड्यांमधून रक्तात उतरणारं निकोटीनही धमन्या आक्रसवतं आणि दाब चढवतं.

या पोटरीच्या दुखण्याला घरोघरी ‘वात’ किंवा ‘वय झालं’ म्हणतात, आणि तिथेच मौल्यवान वर्षं वाया जातात. रक्त कमी पडल्यानं होणारं दुखणं शिस्तीचं असतं. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत दुखायची थांबते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा दुखते. मणक्यातली नस दबली असेल, तर उभं राहून आराम पडत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. डॉक्टरांना ‘पाय दुखतात’ एवढंच सांगण्यापेक्षा किती चालल्यावर दुखतं आणि कशानं थांबतं ते सांगितलं, तर निम्मं निदान तिथेच होतं. धमनी अरुंद असूनही काहीच न दुखणारे लोकही पुष्कळ असतात.

याउलट, पायाला मुंग्या आल्या की ‘रक्तपुरवठा कमी झाला’ हे निदान शेजारीपाजारी लगेच करून टाकतात. बहुतेक वेळा तो दोष नसांचा असतो: मधुमेह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी माणसांत आणि बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत ही कमतरता बऱ्याचदा आढळते.

रक्तदाबाच्या औषधांबद्दलचे समज तर थेट घात करतात. ॲम्लोडिपिन सुरू केल्यावर घोटे सुजले, की ‘किडनी गेली’ या धास्तीनं गोळी परस्पर बंद होते. हे औषध बारीक धमन्या सैल करतं, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तितक्या सैल होत नाहीत, म्हणून थोडं पाणी ऊतींमध्ये झिरपतं. डोस कमी करून किंवा जोडीला दुसऱ्या गटाचं औषध देऊन ही सूज उतरवता येते. मात्र सूज एकाच पायाला आली, किंवा सोबत दम लागू लागला, तर त्याच दिवशी तपासणी हवी. मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांनी काहींची बोटं गार पडतात हे खरं. पण त्या गोळ्यांनी पायाची धमनी अरुंद असलेल्या रुग्णांचं चालण्याचं अंतर घटतं, असं चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं नाही. आणि अशा रुग्णाला सर्वांत मोठा धोका असतो तो हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा. त्याला दाबाची गोळी सोडणं सर्वांत महागात पडतं.

‘चालल्यावर दुखतं, मग चालू नये’ हा सल्ला प्रेमानं दिला जातो, तरी तो उलटा आहे. दुखू लागेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा निघायचं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून किमान तीन वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास, असं तीनेक महिने केलं की न दुखता चालता येणारं अंतर चांगलंच वाढतं. गार पायांना शेकायला गरम पाण्याची पिशवी मात्र नको. मधुमेहामुळे बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही आणि रक्त कमी मिळणाऱ्या पायाची जखम लवकर भरत नाही.

पायाच्या धमनीची तपासणी सोपी आहे. डॉप्लर यंत्राच्या मदतीनं घोट्यापाशी वरचा दाब मोजायचा आणि त्याला दंडावरच्या आकड्यानं भागायचं. दंडावर १५० आणि घोट्यावर १०५ आले, तर उत्तर ०.७०. निरोगी पायाचं उत्तर १ किंवा थोडं अधिक येतं, ०.९० किंवा त्याखाली आलं, तर धमनी अरुंद आहे असं धरतात. १.४० च्या वर गेलं तर खूश होऊ नये, कारण मधुमेहात धमन्या कडक होऊन खोटा जास्त आकडा दाखवतात. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर दाब मोजून घ्यावा. वरच्या आकड्यात १५ किंवा त्याहून जास्त फरक आला आणि तो पुन्हा मोजल्यावरही टिकला, तर कमी आकड्याच्या हाताची धमनी अरुंद असण्याची शंका येते. पुढची मोजणी जास्त आकड्याच्या हातावरच करतात.