भाषांची कुळकथा – लेखांक ९ : लॅटिनचं माहेर कार्पेथियन डोंगरात?

टायबर नदीकाठचा लॅटियम हा लॅटिनचा मूळ मुलूख, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. हे ज्यांना पटत नाही त्यांची आज हजेरी घेऊ. अशी मंडळी जुनीच आहेत. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात हॅलिकार्नाससचा ग्रीक इतिहासकार डायोनिसियस याने लॅटिनमध्ये एओलिक ग्रीकचा मोठा वाटा असल्याचं लिहून ठेवलं होतं. पण खरं धाडस रोमानियातलं.

निकोलाए देन्सुशियानु यांचा ‘दाचिया प्रेइस्तोरिका’ हा हजारावर पानांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९१३ साली प्रसिद्ध झाला. डॅन्यूब आणि कार्पेथियनच्या परिसरात पेलास्गी या प्राचीन लोकांचं अफाट साम्राज्य होतं आणि लॅटिनचं मूळही तिथलंच, असा त्यांचा दावा. म्हणजे रोमन सम्राट ट्रेजनने इ.स. १०६ मध्ये डेशिया (आजच्या रोमानियाचा मुलूख) जिंकला तेव्हा जेते आणि जित एकच भाषा बोलत होते! अनुयायी पुरावा म्हणून रोममधला ट्रेजनचा स्तंभ दाखवतात: वाटाघाटींच्या शिल्पांत दुभाषा कुठे दिसत नाही. (दगडातला दुभाषा ओळखायचा कसा, हे कुणी सांगत नाही.) रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीला असा अभिमान सोयीचाच होता, १९८० साली प्राचीन राजा बुरेबिस्ता याच्या डेशियन राज्याची २०५० वर्षं सरकारी थाटात साजरी झाली. आपल्याकडे पु. ना. ओक व्हॅटिकनला ‘वाटिका’ ठरवत होते, त्याच जातीचा हा मोह.

यामागचा प्रश्न मात्र खोटा नाही. रोमन सत्ता डेशियात जेमतेम १६५ वर्षं टिकली. एवढ्यात लॅटिन इतकी खोल कशी रुजली? रोमानियन डॅन्यूबच्या उत्तरेला घडली की दक्षिणेला, यावर अभ्यासक अजून भांडतात.

पण देन्सुशियानुंचं उत्तर ध्वनींच्या कसोटीला उतरत नाही. रात्रीसाठी लॅटिन मूळ रूप ‘नोक्त-’, ग्रीक ‘न्युक्त-’, आणि संस्कृत ‘नक्त’, जे आपल्या नक्तव्रतात आहे. रोमानियनमध्ये मात्र ‘नोआप्ते’. लॅटिन ‘ओक्तो’ म्हणजे आठ, रोमानियन ‘ओप्त’. दूध ‘लाक्ते’चं ‘लाप्ते’. ‘क्त’चा ‘प्त’ असा नेमाने झालेला दिसतो. दूरदूरच्या तीन भाषांत ‘क्त’ असेल तर जुना तोच. ‘प्त’ मागाहून आला. इटालियनने त्याच ‘क्त’चं ‘नॉत्ते’ केलं, स्पॅनिशने ‘नोचे’. या सगळ्या लॅटिनच्या लेकी. त्यांतल्या एकीला आईच्या जागी बसवता येत नाही.

शिवाय लॅटिनच्या सख्ख्या बहिणी कुठे सापडतात? फॅलिस्कन रोमच्या थोडी उत्तरेला, अंब्रियन आणि ऑस्कन इटलीतच. कार्पेथियनमध्ये यांतली एकही नाही. डेशियन भाषेची तर विशेषनामं, स्थळनामं आणि डायोस्कोरिडीसच्या औषधीग्रंथाच्या हस्तलिखितांतली काही वनस्पतींची नावं, एवढीच शिदोरी उरली आहे. तेवढ्यावर लॅटिनचं आईपण सिद्ध होत नाही. देन्सुशियानुंचा ग्रंथ कादंबरी म्हणून वाचावा, व्याकरण म्हणून नव्हे.

पुढच्या आठवड्यात जुना लॅटिन लेख कोरलेली प्रेनेस्तेची सोन्याची पिन. १८८७ साली ती जगापुढे आली, १९८० मध्ये बनावट ठरवली गेली आणि २०११ च्या तपासणीत अस्सल निघाली.