गटाची पंचसूत्री, घराचीही

रेडिओवर बोलायला बसले की मी दरवेळी कर्जाचे हप्ते, व्याज, बँकेची कागदपत्रं हेच सांगते. आज थोडं वेगळं बोलते.

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत चहाच्या वेळी विषय निघाला, सुखानं जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मी तिथल्या आजींना म्हटलं, "तुम्हीच सांगा, तुम्ही जास्त पावसाळे बघितलेत." त्या म्हणाल्या, "अगं, दर बैठकीला आमच्याकडून पाच नियम म्हणून घेतेस. तेवढे घरात पाळ म्हणजे झालं." सगळ्या हसल्या. मला मात्र ते घरी जाईपर्यंत पुरलं.

आपली पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब लेखन. आता एकेक सूत्र घरात नेऊन बघू.

पहिलं सूत्र बैठकीचं. गटात आपण गोल बसतो. गोलात कोणी पुढं नसतं, कोणी मागं नसतं. घरात काय होतं? मुलं मोबाइल बघत जेवतात, पुरुष टीव्हीसमोर, आणि आपण सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते. दिवसातलं एक जेवण सगळ्यांनी एकत्र करून बघा. आपण पंगतीत बसलो की भाजी कोणाच्या वाट्याला किती आली ते सगळ्यांना दिसतं. मुलीची फी कधी भरायची, यंदा रानात काय पेरायचं, हेही तिथंच निघतं. चुलीपाशी एकटं बसलं की ठरलेल्या गोष्टी नुसत्या कानावर येतात. पंगतीत बसलं की आपणही त्या ठरवतो.

दुसरं सूत्र बचतीचं. बारा जणींचा गट, आठवड्याला प्रत्येकीचे २० रुपये. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर १२,४८० रुपये होतात. एका आठवड्याचे २० रुपये जाणवतही नाहीत. पण बचत काय फक्त पैशाची असते? माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका गटाची वही तपासताना मला भोवळ आली. त्याआधी कितीतरी दिवस जिना चढताना धाप लागत होती, पण ऊन लागलं असेल म्हणून अंगावर काढत होते. उपकेंद्रातल्या सिस्टरनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ! गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. आणि हाच तक्ता हातात घेऊन मी गावोगाव बोलत होते. मला फार लाज वाटली.

लाजण्यासारखी मी एकटीच नव्हते म्हणा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमध्ये चोपन्न जणींचं रक्त कमी निघालं. म्हणजे बारा जणींच्या गटात सहा-सात जणी. डॉक्टरांनी मला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दोन सवयी बदलायला सांगितल्या. जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही, मध्ये तासभर जाऊ द्यायचा, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही. आणि पालेभाजीवर, डाळीवर लिंबू पिळायचं, त्यानं लोह चांगलं लागतं. चार महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन अकराच्या पुढं गेलं. तुम्हालाही धाप, चक्कर, सारखा थकवा असेल तर आधी रक्त तपासून घ्या.

तिसरं सूत्र अंतर्गत कर्जाचं. सावकार शेकडा ५ रुपयांनी देतो, म्हणजे १०,००० वर महिन्याला ५०० रुपये नुसतं व्याज. गटात शेकडा २ असेल तर २००. तरी काही जणी गटात मागत नाहीत, कारण चारचौघीत तोंड उघडायचा संकोच वाटतो. घरातही आपलं हेच. सगळ्यांना द्यायचं, मागायचं मात्र कोणाकडं नाही. रक्त कमी निघालं तेव्हा मी आठ दिवस सासूबाईंना सांगितलंच नव्हतं. शेवटी सांगितलं तर म्हणाल्या, "मग बोलायचं ना! मला काय स्वप्न पडणार?" दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या भाकरी त्यांनी घेतल्या आणि पाणी भरायचं काम ह्यांनी. मी उगाच समजत होते की मी बसले तर घर बसेल.

चौथं सूत्र परतफेडीचं. घेतलेलं फेडायचं. पुढं सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी दहा दिवस फिरती बंद ठेवली. त्यांच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घालणं ही माझी परतफेड होती. गटात आणखी एक रीत आहे. हप्ता चुकणार असेल तर बैठकीच्या आधी येऊन सांगायचं. जी आधी सांगते तिच्यासाठी गट थांबतो. जी तोंड चुकवते तिच्यावरचा विश्वास उडतो. मुलाला, नवऱ्याला, शेजारणीला दिलेला शब्द पाळता येत नसेल, तर तो दिवस उजाडायच्या आधी सांगावं. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

पाचवं सूत्र हिशोबाचं. एका गटातल्या ताईंचे यजमान अचानक गेले. खातं कुठल्या बँकेत, देणं कोणाचं, विमा होता का, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दहाव्यालाच एक जण पैसे मागायला आला. तो खरं बोलतोय की खोटं, हेही त्यांना सांगता येईना. आम्ही पासबुक भरून आणलं, तर त्यात ४३६ रुपये कापल्याची नोंद होती. तो जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. त्या नोंदीवरून दोन लाखांचा दावा करता आला. पासबुक भरलं नसतं तर कोणाला कळलंच नसतं. म्हणून घरात एक वही करा. आलं, गेलं, देणं असे तीन रकाने पुरेत. शेवटच्या पानावर खाती, विमे, वारस म्हणून कोणाचं नाव लावलंय आणि कागद कुठं ठेवलेत ते लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, पण वही कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक हवं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत पंचसूत्री म्हणून झाली की लगेच वही उघडू नका. पाच मिनिटं थांबा आणि एकेकीला विचारा, "यातलं या आठवड्यात घरात काय पाळलंस?" पाचही एकदम जमणार नाहीत, मलाही जमत नाहीत. एकापासून सुरुवात करा. माझी सुरुवात जेवणानंतरचा चहा तासभर पुढं ढकलण्यापासून झाली होती.