एचआरची वाट टाइम ऑफिसातून

"अनुभव नाही, मग एचआरमध्ये आम्हांला घेणार कोण?" जळगाव-धुळ्याकडची मुलेमुली हा प्रश्न मला हमखास विचारतात. कोणी बी.कॉम. झालेले असते, कोणी एम.एस.डब्ल्यू., तर कोणी दोन वर्षे दुकानात हिशेब लिहिलेले. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे हे काम केले आहे. त्या आधारावर चार गोष्टी सांगतो.

एचआर हे नाव नवे असले तरी काम जुने आहे. १९४८च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. समाजकार्य शिकलेल्यांना कारखान्याचे दार त्यातून उघडले. २१ नोव्हेंबर २०२५ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत ही संख्या २५०वर आली आहे. म्हणजे समाजकार्याची पदवी इथे परकी नाही.

पण आपल्या खान्देशात मोठे कारखाने मोजकेच. जळगावात प्लॅस्टिकच्या चटया, पाइप आणि डाळ मिल. धुळ्याकडे अवधान आणि नरडाणा इथल्या वसाहती. लहान युनिटात 'एचआर मॅनेजर' अशी पाटी नसते. एकच माणूस हजेरीपट ठेवतो, पगारपत्रक करतो, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयचा भरणा करतो. त्या जागेचे नाव टाइम ऑफिस असिस्टंट किंवा नुसते क्लार्क असते. तुम्ही जाहिरातीत 'एचआर' शब्द शोधता आणि ही जागा नजरेतून सुटते. दुसरे दार कामगार कायद्याच्या सल्लागाराचे. त्याच्याकडे अनेक युनिटांचे कागद येतात, त्यामुळे थोड्या महिन्यांत पुष्कळ शिकायला मिळते. तिसरे दार १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचे. त्यात पदवीधरांनाही विद्यावेतनावर घेता येते.

मुलाखतीला जाण्यापूर्वी पगाराचा हिशेब पक्का करा. समजा, एखाद्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आहेत. निधीसाठी १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये त्याचे कापले जातात, तेवढेच मालक भरतो. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे १,००० रुपये, पेन्शनच्या खात्यात जातात. ईएसआयसाठी कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. हे कागदावर करून दाखवणारा उमेदवार लगेच लक्षात राहतो.

यात कामगाराचे काय अडते, तेही समजून घ्या. मुलीच्या लग्नासाठी निधीतून पैसे काढायला निघालेल्या एका कामगाराचा अर्ज परत आलेला मी पाहिला आहे. आधार कार्डावर एक जन्मतारीख, निधीच्या नोंदीत दुसरी. लग्न ठरल्या दिवशी झाले, पण सावकाराच्या पैशाने. स्वतःची कमाई खात्यात पडून होती.

त्यानंतर एक मुलगी आमच्याकडे कामाला लागली. आधी ती औषधाच्या दुकानात बिले करायची, एचआरचा अनुभव शून्य. पण औषधाचे नाव आणि तारीख दोनदा वाचण्याची सवय हाताला लागलेली. तिने प्रत्येक कामगाराचे आधार आणि निधीची नोंद शेजारी ठेवून तपासली, चुकलेली नावे-तारखा दुरुस्त करून घेतल्या. कामगार आपणहून तिच्या टेबलाशी येऊ लागले, कारण ती त्यांच्याशी अहिराणीत बोलायची. पुढे पगारपत्रकाचे सगळे काम तिच्याकडे आले.

म्हणून अर्जात 'अनुभव नाही' असे लिहू नका. जे केले ते लिहा: रोजचा हिशेब, एनएसएसच्या शिबिराची हजेरी, गणेश मंडळाची वर्गणी. कोणकोणत्या बोली येतात, तेही लिहा. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तिथून सरळ घरी या.

घरात नोकरी करणारे कोणी असेल, तर आज त्यांची पगारपावती मागून घ्या. प्रत्येक कपात कशाची, किती आणि ती कुठे जमा होते, हे त्यांना समजावून सांगा. ते त्यांना पटले, की तुम्ही मुलाखतीला जायला तयार आहात.