दस्तऐवजांतील दारिद्र्य

१२ मे १८७५ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी भोवतालच्या खेड्यांतील कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. लुटालूट झाली, परंतु त्यांची मुख्य मागणी होती ती कर्जरोख्यांची आणि हिशेबाच्या वह्यांची. त्या हाती येताच त्यांची होळी करण्यात आली. पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंग्याचे लोण पसरले तेव्हाही कागद मिळाल्यावर सावकाराच्या देहाला सहसा धक्का लागला नाही. निरक्षर म्हणून जिची हेटाळणी होई त्या रयतेला आपल्या दारिद्र्याचा ठावठिकाणा अनेक अर्थपंडितांपेक्षा अधिक नेमका ठाऊक होता, असे मला वाटते.

दारिद्र्याची कारणे सांगताना आळस, लग्नकार्यातील उधळपट्टी आणि अवर्षण ही त्रयी आपल्याकडे फार काळ सांगितली गेली. वस्तुतः दख्खनचा पाऊस पूर्वीही लहरी होता, लग्ने पूर्वीही होत असत आणि सावकारही गावात होताच. परंतु पेशवाईत वसुलीसाठी सरकारी हात त्याला सहजासहजी मिळत नसल्यामुळे, कुळ जगले तरच आपले मुद्दल जगेल हे ओळखून त्याला काहीसे सांभाळून वागणे भाग होते. इंग्रजी अमलात दिवाणी न्यायालय आले, छापील रोखा आला, जमीन जप्त करून विकण्याची सोय झाली, आणि तालुक्याच्या गावी जाण्याचा खर्च न परवडणाऱ्या कर्जदारावर एकतर्फी हुकूमनामे होऊ लागले.

दुसरीकडे सरकारचा सारा होता. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने रिकार्डोच्या खंडसिद्धांताच्या आधारे पुणे जिल्ह्यात पहिली आकारणी केली ती फसली. इंग्लंडातील ग्रंथावरून इंदापूरच्या माळरानाचे निव्वळ उत्पन्न काढणे हा उद्योग विद्वत्तेला साजेसा असला तरी रयतेला सोसणारा नव्हता. १८३६ पासून तीस वर्षांची सौम्यतर जमाबंदी आली, तथापि सारा रोख भरायचा, आणि पीक बुडाले तरी तो सहसा चुकत नसे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, इकडचे भाव चढले, आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले, सावकाराचा हात आखडला, आणि १८६७ पासून इंदापूर, भीमथडी इत्यादी तालुक्यांतील फेरजमाबंदीत कित्येक गावांचा सारा निम्म्याहून अधिक वाढवण्यात आला. चढत्या वर्षांच्या मापाने केलेली आकारणी उतरत्या वर्षांत वसूल होऊ लागली.

यात सर्वांत उद्बोधक कथा मुदतीच्या कायद्याची आहे. जुन्या येण्याचा डोंगर साठू नये, अशा सद्हेतूने १८५९ च्या कायद्याने सामान्य कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. परिणाम असा झाला की मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहवून घेई, थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून मिळवी, आणि न वाचता येणाऱ्या कागदावर कुणबी निशाणी करी. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये हा दामदुपटीचा प्राचीन दंडक येथे निरुपयोगी ठरला, कारण दर खेपेस मुद्दलच नवे जन्माला येत होते. दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारलेले आढळले. दुष्काळ रयतेला कर्जात लोटतो हे खरे. तिला पिढ्यान्‌पिढ्या तेथेच ठेवण्याचे काम असली लेखणी करते.

हा प्रकार दख्खनपुरता नव्हता. गुलामगिरी झुगारून १८०४ मध्ये स्वतंत्र झालेल्या हैतीकडून फ्रान्सने १८२५ मध्ये, युद्धनौका पाठवून, जुन्या मळेवाल्यांच्या भरपाईपोटी पंधरा कोटी फ्रँक कबूल करून घेतले, आणि पहिला हप्ता भरण्यासाठी त्या राष्ट्राला पॅरिसच्याच पेढ्यांकडून कर्ज घ्यावे लागले. १८३८ मध्ये रक्कम नऊ कोटींवर आली, तरी एका कर्जासाठी दुसरे काढण्याची ही साखळी १९४७ पर्यंत तुटली नाही. सुप्याच्या कुणब्याने हे ऐकले असते तर त्याला त्यात नवे काही वाटले नसते.

सरकारने १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. कायदा चांगला होता. परंतु साऱ्याचा हप्ता भरण्यासाठी लागणारा पैसा कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. गरजू कुळ पुन्हा त्याच ओसरीवर गेले, आणि सावकाराने आता गहाणखताऐवजी खरेदीखत मागितले. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि अर्धशतकानंतर, १९५४ मध्ये, ग्रामीण पतपुरवठ्याच्या अखिल भारतीय पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सहकारी संस्थांनी दिलेला वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के, आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के भरला.