फाटक पडलंय? मग वही काढा!

सकाळचे नऊ पस्तीस. दहाला मीटिंग. आणि तुमच्या गाडीच्या नेमकं पुढ्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दांडा हळूहळू खाली येतोय. अशा वेळी तोंडातून जे निघतं ते छापण्यासारखं नसतं! जळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. शहराच्या मधोमध रूळ गेलेत, आणि पिंप्राळा गेटवर उड्डाणपूल होण्याआधी अर्ध्या गावाचं घड्याळ मालगाडीच्या हातात होतं.

मीही त्याच रांगेत हॉर्न वाजवणाऱ्यांपैकी. फरक इतकाच, की गेली काही वर्षं फाटक पडलं की मी स्कूटी बंद करते, सॅकमधून वही काढते आणि लिहायला लागते. गेट नंबर काय, दांडा हँडलवर चालतो की मोटरवर, घंटा आहे की भोंगा, गेटचा स्वतःचा सिग्नल आहे का. रविवारी तर खास याचसाठी चाळीसगाव-धुळे लाइन गाठते. मैत्रिणी ट्रेकला जातात, मी फाटकं बघायला. “हे असलं वेड घेऊन तुझं कसं होणार गं?” हा आईचा कायमचा डायलॉग.

वेड लागलं ते एका चुकीमुळे. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी आठवतेय ना? आमची ‘पीजे’! अडीच फुटी रूळ, ५६ किलोमीटरचा प्रवास. आजीच्या शेंदुर्णीला जायचं तर पीजेनंच, असा लहानपणी हट्ट असायचा. २०१८ मध्ये मी कॅमेरा घेऊन मुद्दाम गेले. तीनेकशे फोटो काढले. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, गाडी थांबली, ती त्या रुळांवर पुन्हा धावलीच नाही. मार्ग ब्रॉडगेज करायचं ठरलं. मग एका रात्री मी ते फोटो उघडले. खिडकीतली मी, दारातली मी, इंजिनाशेजारी मी... शंभर वर्षांच्या लाइनवरचं फाटक मात्र एकाच फोटोत, तेही माझ्या कानामागे, हललेलं. नंबर वाचता येत नाही. आजीला विचारावं तर आजीही तोवर गेली होती.

म्हणून आता वही.

तुम्ही म्हणाल, फाटकात बघायचं काय? थांबा. रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात ‘सी/फा’ लिहिलेलं असतं. म्हणजे सीटी, फाटक. ड्रायव्हरनं इथून शिट्टी सुरू करायची. सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोल तबकडीत काळा ‘जी’ दिसला, तर तो त्या गेटचा सिग्नल. तो लाल असेल तर गाडी थांबते. पण तो नुसताच लाल राहिला तर? ड्रायव्हर दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं वाट बघतो, मग जपून फाटकापर्यंत येतो आणि काय झालंय ते पाहतो. इंटरलॉकिंग असलेल्या गेटचा फंडा त्याहून भारी. दांडा पडून कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, आणि एकदा हिरवा झाला की गेटमननं मनात आणलं तरी दांडा उचलत नाही. म्हणजे आपण त्याच्यावर ओरडतो तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा काही नसतंच!

जिथे अशी यंत्रणा नाही तिथे सगळा भरवसा शब्दावर. स्टेशन मास्तर फोन करतो, गेटमन फाटक पाडतो आणि त्याच्याकडच्या यादीतला एक आकडा सांगतो. याला ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणतात. दोघंही तो आपापल्या रजिस्टरात लिहितात. एवढी वजनदार गाडी सुटते ती त्या आकड्यावर. लोखंडाचा फोटो कुणीही काढेल. मला हे जास्त भन्नाट वाटतं, आणि हे फोटोत येत नाही.

धुळ्याची लाइन १९०० सालची. जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर... नावंच किती गोड! आता तिथे विजेवरची मेमू धावते, म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंची मोजणाऱ्या लोखंडी चौकटी उभ्या आहेत. ४.६७ मीटरपेक्षा उंच काही असेल तर पुढे जायचं नाही, कारण वर तारा. डिझेलच्या जमान्यात त्यांची गरजच नव्हती. जुन्या फोटोत चौकट नसेल तर फोटो विजेच्या आधीचा, इतकं सोपं.

वहीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. गेट नंबर सलग येतच नाहीत. मधला एखादा गायब. शोधत गेलं की तिथे रुळांखालून नवा बोगदा असतो आणि पावसाळा असेल तर बोगद्यात गुडघाभर पाणी. बैलजोडी घेऊन काठावर उभ्या असलेल्या एका बाबांनी मला सुनावलं होतं, “फाटक बरं होतं ओ ताई, उशिरा का होईना, उघडायचं तरी!”

फाटकं जाणार हे मात्र नक्की. त्याचं गणित मजेशीर आहे. दिवसभरात जाणाऱ्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. यात बैलगाडीला पूर्ण एक मार्क, रिक्षाला अर्धा! हा गुणाकार एक लाखावर गेला की उड्डाणपुलाची केस पक्की. जळगाव-भुसावळ दरम्यान रूळ वाढले, गाड्या वाढल्या, आता सांगा गुणाकार कुठे जाणार? बोरविहीर-नरडाणा या नव्या मार्गावर तर मुळात फाटक ठेवायचंच नाही, असा बेत आहे.

आणि ते चुकीचंही नाही. २००५ च्या फेब्रुवारीत नागपूरजवळ मानवरहित फाटकावर रेल्वेनं वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला उडवलं, पन्नासहून जास्त माणसं गेली. ब्रॉडगेजवरची सगळी मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, त्याबद्दल कुणी अश्रू ढाळू नयेत. मीही ढाळत नाही. फक्त ती काय होती हे कुठेतरी लिहिलेलं असावं, इतकंच. अमेरिकेत १९०९ च्या सुमारास ‘विगवॅग’ नावाचा फाटक-सिग्नल आला. लाल दिव्याची तबकडी घड्याळाच्या लंबकासारखी डुलायची. आता तिथे मोजकेच उरलेत आणि त्या एकेकाची नोंद ठेवणारे छंदिष्ट आहेत. त्यांना कुणी वेडं म्हणत नसेल का? म्हणत असणारच!

तुम्हालाही सुरू करायचंय? कॅमेरा रस्त्यावरूनच चालवा. रुळांवर उतरलात तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिने आत जाऊ शकता. केबिनमध्ये घुसू नका, ड्युटीवरच्या माणसाला गप्पांत गुंतवू नका. गाडी गेली, दांडा वर झाला की मग बोला. आणि जुना कंदील कुणी ‘स्वस्तात देतो’ म्हणालं तर हात जोडा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे. तसा कंदील समोर दिसलाच तर त्याची ‘हिरवी’ काच नीट बघा, ती चक्क निळसर असते. रॉकेलची ज्योत पिवळी, काच निळी, म्हणून लांबून हिरवं दिसायचं.

मागच्या महिन्यात धुळ्याच्या लाइनवर एका फाटकापाशी उभी होते. मेमू निघून गेली, रस्ता रिकामा झाला, तसे गेटमनकाका बाहेर आले. “कसाना फोटू काढी ऱ्हायनी वो ताई? आठे काय शे?” मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं शांतपणे वाचली. नंबर बरोबर, कुलूप बरोबर. मग बोट ठेवून म्हणाले, “फेरे नाही लिहिले.”

“कसले फेरे?”

“हँडलचे. दांडा खाली यायला किती फेरे लागतात ते.”

मी पुढच्या गाडीपर्यंत थांबले. रस्त्याच्या कडेला उभं राहून मोजले. सतरा. पावसाळ्यात, म्हणे, हात जास्त भरून येतात, पण फेरे तेवढेच.